मायनरच्या वर्गातल्या आपा

आपा आधी डावा तळवा तोंडावर ठेवायच्या आणि मग बोटांच्या फटीतून म्हणायच्या, "हं, बोल आता. मी चूप आहो."

नेमकं तेच त्यांना जमत नसे. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याला दुसऱ्याचं दुखणं अर्धं ऐकलं की औषध सुचतं. आपांना ते पाव ऐकूनच सुचायचं.

उमरखेडच्या आमच्या कॉलेजात मी बी.एस्सी.ला होतो. मायनर म्हणून वेगळा एक विषय घ्यावा लागतो. कॉम्प्युटरच्या जागा भरल्या होत्या, म्हणून मी समुपदेशन घेतलं. आपांनी मात्र ते ठरवून घेतलं होतं. वय पस्तिशीचं, घरीच बायकांचे कपडे शिवायचं दुकान, आणि लग्नामुळे सुटलेली पदवी पुरी करायला त्या पुन्हा बी.ए.ला आल्या होत्या.

पहिल्याच सरावाला एक मुलगी म्हणाली, मला झोप येत नाही. आपा लगेच म्हणाल्या, "चहा बंद कर, मोबाइल आईजवळ दे अन् त्या मावशीचा फोन उचलू नको." मावशीचा विषय कोणी काढलाच नव्हता. वर्ग हसला. शिकवणाऱ्या मॅडम नव्या होत्या, आपांपेक्षा दहा वर्षांनी लहान. त्या म्हणाल्या, "आपा, सल्ला नाही द्यायचा. ऐकायचं."

"मॅडम, माप घेता घेता बाई सारं घर सांगून टाकते. तिले काय मुकाट्यानं धाडू?"

त्या दिवसापासून तो तळवा तोंडावर आला.

आता माझं सांगतो. तिसऱ्या सेमिस्टरला फिजिक्सच्या पेपरला मी कॉलेजच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत फिरलो. छातीत धडधडत होतं, हात ओले झाले होते. पुढच्या पेपरलाही तेच. महागावजवळच्या आमच्या गावी मात्र सांगितलं, पेपर छान गेले. बाबांनी ते गावभर सांगितलं. आता शुक्रवारी ते शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी माझी मार्कशीट घ्यायला कॉलेजात येणार होते.

बुधवारी समुपदेशनाचा सराव होता. जोडी करून एकानं अडचण सांगायची, दुसऱ्यानं ऐकायची. अडचण बनवलेली चालायची. माझ्या समोर आपा बसल्या.

"माझा एक मित्र आहे," मी म्हणालो. "त्यानं घरी खोटं सांगतलं. शुक्रवारी सारं उघडं पडते. तो म्हणते, मले शुक्रवार पाहायचाच नाही."

आपांचा हात तोंडावरून खाली आला. मला वाटलं, आता सल्ला येणार. आला नाही. त्यांनी पुढे वाकून हळू आवाजात, पण सरळ विचारलं, "जीव द्यायचं मनात आहे का त्याच्या?"

मी वहीचं पान मुडपत राहिलो.

"तो मित्र इथंच बसून आहे का?"

मी खाली फरशीकडे पाहिलं. "कोणाले सांगू नका, आपा. वर्गातलं वर्गात राहते, मॅडमनंच सांगतलं."

"जिवाचं असलं तर राहत नाही, हेही मॅडमनंच सांगतलं."

"कसम घ्या."

"नाही घेत. तुले राग येईन. येऊ दे."

मी दप्तर उचललं आणि सरळ खोलीवर गेलो. मागे त्यांच्या चपलांचा आवाज येत होता. मी कडी लावली. त्या बाहेर पायरीवर बसल्या आणि मॅडमना फोन लावला. थोड्या वेळात मॅडमही आल्या. मॅडमनी बाबांना केलेला फोन मी दाराआडून ऐकला. मी आतून ओरडलो, "तुम्ही फसवलं मले!"

"हो," आपा म्हणाल्या. "पण तू आहेस ना आत? फक्त हो म्हण."

दर दोन-चार मिनिटांनी तोच प्रश्न. "आहेस ना?" मी चिडून "हो" म्हणायचो. बाहेर घरमालक विचारून गेले, शेजारची पोरं गोळा झाली, आपांनी सगळ्यांना पिटाळलं. किती वेळा हो म्हणालो, आठवत नाही. शेवटी त्यांचा आवाज बसला, तशी मीच कडी काढली. त्या आत आल्या नाहीत. दाराला पाठ टेकून उंबऱ्यात बसल्या.

बाबा मोटारसायकलवर आले. शर्ट धुळीनं माखलेला. वयावरून त्यांना आपाच मॅडम वाटल्या. "मॅडम, काय केलं जी यानं?"

"काही नाही केलं," आपा म्हणाल्या. "करू नये म्हणून बसलो आम्ही."

बाबा भिंत धरून खाली बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पेपर गेला तं जाऊ दे ना रे. मले काहून नाही सांगतलं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही यवतमाळला डॉक्टरांकडे गेलो. गोळ्या सुरू झाल्या, दर पंधरा दिवसांनी जाऊन बोलणंही. मी हळूहळू सावरत गेलो, पण आपांवरचा राग काही केल्या उतरेना. कॉलेजात मी दूरच्या बाकावर बसायचो. त्या बघायच्या, जवळ यायच्या नाहीत. वर्ष संपलं तेव्हा त्यांच्या नवऱ्याला नांदेडला काम लागलं. शेवटच्या दिवशी सारा वर्ग त्यांच्याभोवती जमला होता. मी वाचनालयातच थांबलो.

राहिलेले पेपर मी पुढच्या उन्हाळ्यात दिले. निकाल लागला, पास झालो. त्यानंतरच्या रविवारी दुपारी आम्ही जेवत होतो. बाबांचा फोन वाजला, तसे ते खरकट्या हातानं अंगणात गेले. "हो जी. जेवून राह्यला. पास झाला तो."

"कोण होतं?" मी विचारलं.

"थ्या आपा मॅडम. दर रविवारी फोन करतेत."

"दर रविवारी? कधीपासून?"

"आपण यवतमाळले गेलतो, तवापासून. मी सांगणारच होतो. त्याइनंच म्हटलं, त्याचा राग जाऊ द्या, मंग सांगा." बाबांनी फोन पुढे केला. "चालूच आहे अजून."

मी हात धुतले, पुसले. पुन्हा पुसले. मग फोन घेतला.

"आपा," मी म्हणालो, "मी बोलून राह्यलो."