देवापुढच्या वाटीतला डोळा

गालावर काहीतरी ओलं, गार चिकटलंय असं वाटलं. बस्स, एवढंच. सुरुवात एवढीशीच होती हो! पण त्यातून मी जो तमाशा केला, तो ऐकाल तर पुन्हा कधी मला चहाला बोलावणार नाही.

लेसरनं डोळ्यांचा नंबर घालवून पुण्याहून येऊन तेव्हा चार दिवस झाले होते. सहावीत असल्यापासून नाकावर जाडजूड चष्मा. पेपरात ‘लेसर’ वाचलं आणि हट्ट धरला. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, वडवणीत किराणा दुकान. ते म्हणाले, “चष्म्यानं तुझं काय घोडं मारलंय? डोळ्यासंगं खेळ कावून?” मी दोन महिने त्यांच्याशी धड बोलले नाही. शेवटी नेलं बिचाऱ्यांनी. आणि परत येताना मी काय करावं? बसच्या खिडकीतून चष्मा भिरकावला! एवढी ऐट! म्हणजे आता डोळ्याला काही झालं असतं, तर दोष द्यायलाही दुसरं कुणी नव्हतं.

तर त्या सकाळी आत्याबाई पूजा उरकून आल्या. ही अप्पांची थोरली बहीण. आम्ही लिंगायत, पूजा झाली की आत्या घरातल्या प्रत्येकाच्या कपाळाला विभूती लावतात. हात दणदणीत. भस्म कपाळावर कमी, डोळ्यात जास्त. मी डावा डोळा चोळला. चोळायचा नव्हता, ठाऊक होतं. पण हात ऐकतो का?

आणि ते गालावर आलं. बोटावर घेऊन डोळ्याजवळ धरलं. गोल. पारदर्शक. माशाच्या खवल्यासारखं.

“आत्याऽऽ! माझं बुबुळ पडलं!”

“कावून वरडायलीस गं एवढी? बघू.” आत्या वाकल्या. “आगं बया! हे तर डोळ्याचं साल हाय!”

साल! कांद्याला असतं तसं! बी.ए. झालेली बाई मी, पण डाव्या डोळ्यापुढं नुसतं धुकं, आगआग आणि पाण्याची धार. तुम्ही काय समजला असता, सांगा बरं?

“पुण्याला नेलं की चिटकवत्यात परत,” आत्या म्हणाल्या. “निस्तं वाळू द्यायचं न्हाई.”

वाटीत पाणी घेतलं, ते साल अलगद सोडलं. वाटी ठेवायची कुठं? “देवापशी ठेव. तितं कुणी हात लावत न्हाई.” माशी पडू नये म्हणून आत्यांनी वर बेलाचं पान ठेवलं.

देवापुढं वाटी. वाटीत पाणी. वर बेलाचं पान. लिंगायताच्या घरात त्याला काय म्हणतात, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आम्हा दोघींना नाही सुचलं!

आम्ही आतल्या खोलीत फोन नंबरासाठी दवाखान्याचा कागद शोधत होतो. तेवढ्यात अप्पा आंघोळ करून आले, त्यांनी लिंगपूजा केली आणि तीर्थ म्हणून वाटी तोंडाला लावली. सगळी. वर ओला हात भक्तिभावानं डोक्यावरून फिरवला.

“अप्पा! थांबा!”

“काय झालं?”

“माझा डोळा होता त्याच्यात!”

अप्पांनी रिकाम्या वाटीत पाहिलं. मग माझ्याकडं. मग स्वतःच्या पोटाकडं. “घशाला तर काई लागलं न्हाई,” एवढंच हळूच म्हणाले.

आत्या कडाडल्या, “आरं, फोन लागस्तोवर परसाकडं जायाचं न्हाई! सांगून ठिवते!”

“आगं पन आक्का, माझी रोजची येळ हाय...”

“पोरीचा डोळा मोठा का तुझी येळ मोठी?”

निघाली वरात एसटीडी बूथकडं. पुढं मी, तोंड आभाळाकडं, उजव्या डोळ्याखाली ओंजळ. म्हटलं हाही गळाला तर निदान धुळीत नको पडायला. मागं अप्पा, पोट आवळून, बारीक पावलं टाकत. शेवटी आत्या, पुरावा म्हणून रिकामी वाटी घेऊन.

“कुठं निघाले हो सगळे?” कुणीतरी विचारलं.

“कुठं न्हाई,” अप्पा दात आवळून म्हणाले.

मला कागदावरचा नंबर दिसेना. बूथवाल्यानं फिरवून दिला. एंगेज. पुन्हा. एंगेज. सात वेळा! मी त्या काचेच्या खोक्यात उभी राहून माझं पुढचं सगळं आयुष्य बघून घेतलं: काळा चष्मा, दुकानातला कोपरा, तूरडाळ की हरभराडाळ ते बोटांनी चाचपून ओळखणं. हुंदकाच फुटला.

अप्पांनी दार लोटून डोकं आत घातलं. घामानं डबडबलेले. “रडू नकू गं. डाक्तरला इचार, माझा एक बसत आसंल तर काढा म्हणावं.”

झालं! मी आणखीच भोकाड पसरलं. आणि नेमका तेव्हाच फोन लागला.

“हॅलो.” खुद्द डॉक्टर!

“डॉक्टर, मी वडवणीची... डावा डोळा पडला... वडील प्याले!”

मग त्यांनी विचारलं, “गोल? पारदर्शक?”

“हो!”

“ती लेन्स होती, बाई. जखम झाकायला मीच वरून बसवली होती. निघताना दोनदा समजावून सांगितलं. दोन्ही वेळा तुम्ही ‘हो डॉक्टर’ म्हणालात.”

ते समजावत होते तेव्हा, खोटं कशाला बोलू, भीतीनं मी मनातल्या मनात जप करत होते.

“डोळा मिटून ठेवा, थेंब चालू ठेवा, उद्या दाखवायला या. वडिलांना काही होत नाही.”

“काय म्हनत्यात?” अप्पांनी कासावीस होऊन विचारलं.

“डोळ्याचं ठीक आहे म्हणतात,” मी म्हटलं. “उद्या येताना कान तपासून घ्या म्हणतात. माझे.”