मेनाला स्वयंपाकघर नको होतं

माझी वहिनी फिलोमिना. तिला सगळे मेनाच म्हणतात. फिलाडेल्फियात आमच्या पोर्ट रिचमंड भागातल्या चर्चच्या शाळेत तिने तीसेक वर्षं मुलांचं जेवण रांधलं. सकाळी अंधारात घराबाहेर पडायची, दुपारी परतायची आणि कोट काढायच्या आधी घरच्या गॅसवर पातेलं चढवायची. माझा भाऊ चेस्टर, म्हणजे तिचा नवरा, तसा गरीब स्वभावाचा. पण संध्याकाळी ताट यायला जरा उशीर झाला की खुर्चीत बसल्या बसल्या खाकरायला लागतो. बोलत काही नाही, नुसता खाकरतो. ते खाकरणं ऐकत मेनाचा संसार झाला. मी लग्न केलं नाही आणि त्यांच्या शेजारच्याच घरात राहिले, त्यामुळे मध्ये भिंत असूनही ते खाकरणं मलाही ऐकू यायचं.

जुलैत आठवडाभर आम्ही सगळे समुद्रकाठच्या वाइल्डवुडला जायचो. तिथे एक घर भाड्याने घ्यायचं ठरलेलं. पोरं, त्यांचे मित्र, आमचा एखादा मामेभाऊ, मी. दिवसभर पाण्यात डुंबून, किनाऱ्यालगतच्या फळ्यांच्या रस्त्यावर, म्हणजे बोर्डवॉकवर, पाळण्यांत बसून सगळे वाळूने माखलेले परत आले की दारातूनच ओरडायचे, "खायला काय आहे?" आणि खायला असायचं. कुणी कधी विचारलं नाही की ते येतं कुठून. मीही विचारलं नाही, मी टॉवेल वाळत घालत होते.

मेना निवृत्त झाली तेव्हा चर्चच्या सभागृहात केक कापला. तिचा मुलगा रेमंड मोठा मायाळू. त्याने सगळ्यांदेखत विचारलं, "आई, सांग, तुला काय हवंय? काहीही माग."

मेना म्हणाली, "मला वाइल्डवुडला न्या. हिवाळ्यात."

सगळे हसले. रेमंड म्हणाला, "हिवाळ्यात? अगं, तिथे कुत्रंसुद्धा नसतं. सगळं बंद."

"म्हणूनच. कुणी पोहणार नाही, कुणी ओला येणार नाही. आणि मला हॉटेलात राहायचंय. स्वयंपाकघर नसलेल्या हॉटेलात. मी बाकावर बसून समुद्र बघणार."

रेमंडने तिच्या गालाचा पापा घेतला. म्हणाला, "झालंच समज." नंतर नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला तिने पुन्हा आठवण करून दिली. नाताळात पुन्हा. दोन्ही वेळा मी समोर होते, म्हणून सांगते. बाईने आडून काही सुचवलं नव्हतं, सरळ शब्दांत सांगितलं होतं.

फेब्रुवारीत शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली, तेव्हा आम्ही शुक्रवारी निघालो. मेना, चेस्टर आणि मी एका गाडीत, रेमंड, त्याची बायको टिश आणि आठ वर्षांची टेस दुसऱ्या गाडीत. मेनाने एक लहानशी बॅग घेतली होती. वाटेत ती गाणं गुणगुणत होती. चेस्टरने माझ्याकडे वळून भुवया उंचावल्या, कारण ती कधी गुणगुणत नाही.

रेमंडची गाडी हॉटेलांची रांग ओलांडून पुढे गेली. आत वळली आणि एका दुमजली घरासमोर थांबली. आम्ही उतरलो. वारा असा होता की गाडीचं दार हातातून सुटत होतं. रेमंडने दार उघडलं, आईच्या डोळ्यांवर हात ठेवले आणि तिला आत नेऊन सोडलं.

"आता बघ!"

समोर स्वयंपाकघर होतं. एवढं मोठं की त्यात आमच्या चर्चचं सभागृह मावलं असतं. सहा बर्नरचा गॅस, दोन ओव्हन, मधोमध दगडी ओटा.

"हॉटेलं बहुतेक बंदच आहेत, आई," रेमंड म्हणाला. "एकच उघडं होतं. पण त्यात तर स्वयंपाकघरच नव्हतं!"

"तेच हवं होतं मला," मेना म्हणाली. पण ती इतकं हळू बोलली की ते फक्त मला ऐकू आलं. तोवर टिश गाडीतून बर्फाची पेटी घेऊन आली होती. पेटीत कोबीचे गड्डे, खिमा, तांदूळ, टोमॅटोचे डबे. "आई, तुमच्या हातचे गोवुंपकी! रेमंडने वाटेत दुसरं काही बोलूच दिलं नाही." कोबीच्या पानात खिमा-भात गुंडाळून करायचे, उकडायचे, मग टोमॅटोच्या रसात ठेवायचे. अर्धा दिवस जातो त्यात.

मेनाने बॅग खाली ठेवली. कोट तसाच अंगात. फ्रिजचं दार उघडलं आणि एक एक वस्तू आत लावायला लागली. मी म्हटलं, "मेना, राहू दे, मी करते." ती म्हणाली, "तू अंडी मागे ठेवतेस," आणि मला बाजूला सारलं. तिचं तेही आहेच. दुसऱ्याने केलेलं तिला चालत नाही, आणि कुणी केलं नाही की वैतागते.

शनिवारी सकाळी सगळे उठायच्या आत ती बोर्डवॉकवर जाणार होती. मी तिच्याबरोबर निघाले होते. दारापर्यंत पोचलो तर जिन्यात टेस. "बाबची, पॅनकेक?" आजीला ती बाबची म्हणते. एकदा तवा तापला की कोण सोडतं? एका पोरीचे झाले, मग तिच्या बापाचे, मग चेस्टर खाली आला आणि खुर्चीत बसून खाकरला. भांडी होईपर्यंत दहा वाजून गेले.

मग आम्ही सगळे मिळून गेलो. बोर्डवॉकवर दुकानांची शटरं खाली. उंच पाळण्याच्या बैठका काढून नेलेल्या, नुसता सांगाडा उभा. फळ्यांवरून वाळू सापासारखी सरपटत होती. एकच दुकान उघडं होतं, तिथून मेनाने कागदी पेल्यात कॉफी घेतली आणि समुद्राकडे तोंड केलेल्या बाकावर बसली. वाइल्डवुडला किनारा इतका रुंद की पाणी लांब, राखाडी पट्टीसारखं दिसतं. पण तिचा चेहरा सैल झाला. पेला दोन्ही हातांत धरून ती नुसती बघत राहिली.

"मेना," चेस्टर म्हणाला, "माझ्या छातीत जळजळतंय. त्या गोळ्या कुठे ठेवल्यास?"

"तुझ्या कोटाच्या आतल्या खिशात."

त्याने बाहेरचे खिसे चाचपले. "नाहीत गं."

"आतल्या, चेस्टर."

तेवढ्यात टिश आली. "आई, घराची किल्ली तुमच्याकडे आहे का? टेसला बाथरूमला जायचंय. इथली सगळी कुलूपबंद आहेत, थंडीत नळ गोठतात म्हणे."

किल्ली मेनाच्याच पर्समध्ये होती. रेमंडने काल विश्वासाने तिच्याकडे दिली होती. तिने दिली. टिश चार पावलं गेली आणि परत आली, "पण ते कुलूप मला उघडत नाही हो, तुम्हालाच जमतं." मेनाने कॉफीचा एक घोट घेतला होता. उरलेली तिने कचऱ्याच्या डब्यात टाकली, पेल्यासकट, जरा जोरातच.

घरी आलो ते सगळे गारठलेले. "आई, गरम काहीतरी कर ना, सूप वगैरे." तिने सूप केलं. सूप झालं, भांडी झाली. मग कोबीचे गड्डे उकळत्या पाण्यात टाकले. घरभर तो वास भरला आणि रेमंड डोळे मिटून म्हणाला, "अहाहा! हा वास म्हणजे वाइल्डवुड."

मी ओट्याशी बसून खिम्यात भात कालवत होते. मेना पानांच्या जाड शिरा सुरीने तासत होती. तिचा हात थांबला. तिने सुरी ठेवली, हात पुसले, गॅस बंद केला. कोट चढवला, पर्स घेतली, जिन्याखालची आपली बॅग उचलली.

"कुठे चाललीस?" रेमंडने विचारलं.

"बाहेर."

"आणि गोवुंपकी?"

ती निघून गेली. दाराला वाऱ्याने असा धक्का दिला की सगळे दचकले. थोडा वेळ वाटलं, येईल. तासाभराने चेस्टर खाकरला, पण ऐकायला कोणी नव्हतं. रेमंडने फोन लावला, तिने घेतला नाही. तो गाडी काढून बोर्डवॉकच्या बाजूने फेऱ्या मारायला लागला. टिश रडवेली झाली. मी मात्र तिला बॅग उचलताना बघितलं होतं. मी सरळ त्या एकुलत्या एक उघड्या हॉटेलात गेले.

मेना तिथल्या बैठकीत खुर्चीवर होती, खोलीची किल्ली मांडीवर. मला वाटलं होतं चेहऱ्यावर समाधान असेल. कसलं काय! कपाळावर आठ्या.

"समुद्राच्या बाजूच्या खोल्या हिवाळ्यात बंद ठेवतात म्हणे," ती म्हणाली. "मला गाड्या लावतात त्या बाजूची दिलीय. हीटर खडखडतो. पोराला चार महिन्यांपूर्वी सांगितलं होतं, तो आधी बघून ठेवू शकला असता."

"मग घरी चल."

"रजीना, तू परत ये म्हणालीस तर मी तुझ्याशीही बोलणार नाही."

मी तिच्याजवळ बसले. रेमंडला फोन करून सांगितलं की ती बरी आहे आणि उद्यापर्यंत तिला कुणी हाक मारू नका. तो म्हणाला, "पण झालं काय? आम्ही काय केलं?" मी म्हटलं, "तेच, बाबा, तिच्याकडून उद्या ऐक."

त्या संध्याकाळी मी परत जाऊन बघते तर रेमंडने उरलेली पानं गुंडाळायचा प्रयत्न केला होता. पातेल्यात पानं एकीकडे, खिमा एकीकडे. आम्ही ते चमच्याने खाल्लं. चेस्टरने निमूट खाल्लं आणि पहिल्यांदाच स्वतःचं ताट स्वतः धुतलं. नीट निघालं नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

रविवारी चर्चमधली मिसा संपल्यावर मेना बोर्डवॉकवर बसली. मी बाजूला. वारा कालच्यापेक्षा जास्त. रेमंड लांबून येताना दिसला, एकटाच, टोपी हाताने धरून.

"आई, हे बरोबर नाही," तो समोर येऊन म्हणाला. "टेस विचारतेय बाबची का रुसली. मी काय सांगू?"

"सांग, बाबची सुट्टीवर आहे."

"काय?" वाऱ्यात त्याला ऐकू गेलं नाही.

"तुला ऐकू येत नाही, हेच सांगतेय मी!" मेना ओरडली. "स्वयंपाकघर नको म्हणाले होते ना मी? कितीदा म्हणाले?"

"आम्हाला वाटलं तू आमच्या पैशाचा विचार करून तसं म्हणतेयस. तुला साधं काहीतरी चालेल म्हणून. मी मुद्दाम चांगलं घर शोधलं गं. तुझ्यासाठी! मोठा गॅस, दोन ओव्हन..."

"तुझ्या वाढदिवसाला मी तुला ऑफिस भेट दिलं तर?"

रेमंड तिच्या पायाशी फळ्यांवरच बसला, चाळिशीचा माणूस. म्हणाला, "ते जुलैचे दिवस, आई. माझ्या आयुष्यात त्याहून चांगलं काही झालं नाही. मला ते टेसला द्यायचं होतं. तुझ्याबरोबर."

"तुझे होते ते दिवस, रेमंड. चांगलेच होते, मीच केले होते ना? पण मला त्यातला समुद्र आठवत नाही रे. मला त्या घरातल्या सिंकचा नळ आठवतो. गळका होता. त्याला मी कापड बांधायची."

रेमंडचे डोळे भरून आले. वाऱ्याने की कशाने, मला सांगता येणार नाही. मेनाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. एरवी ठेवला असता. तो उठून म्हणाला, "म्हणजे मी जन्मभर तुला त्रासच दिला म्हण ना," आणि निघून गेला. मेना दातओठ खाऊन म्हणाली, "बघ! आता याचीच समजूत मी काढायची!" पण ती उठली नाही. थंडीने नाक लाल झालं तरी बसून राहिली. मी दोनदा कॉफी आणली.

सोमवारी आम्ही परतलो. ईस्टरपर्यंत रेमंड आईशी कामापुरतंच बोलला. ईस्टरला टिशने हॅम स्वतः भाजून आणलं, जरा कोरडं झालं होतं. मेनाने एक तुकडा खाल्ला आणि दुसरा मागितला. तिच्याकडून ते फार होतं. रेमंडने बघितलं, आणि मग त्याने तिला जुलैचं विचारलं.

"मी येणार नाही," मेना म्हणाली. "तुम्ही जा."

ते गेले. मीही गेले. आठवडाभर आम्ही पिझ्झा आणि विकतचे सँडविच खाल्ले, एके रात्री चेस्टरने अंडी उकडली. कुणाचं काही अडलं नाही. परत आल्यावर मी हे मेनाला सांगितलं. मला वाटलं, बरं वाटेल तिला. ती बटाटे सोलत होती.

"काहीच अडलं नाही?" तिने विचारलं.

"नाही गं."

"एकदासुद्धा?"

तिने सोलाणं बाजूला टाकलं. "मग एवढी वर्षं मी तिथे काय झक मारत होते?" म्हणाली, आणि उठून मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली. चेस्टर खुर्चीतून तिच्याकडे बघत होता. जेवणाची वेळ टळून गेली होती. त्याने घसा साफ करायला तोंड उघडलं, मग काय वाटलं कुणास ठाऊक, उठला आणि ते अर्धवट सोललेले बटाटे घेऊन बसला. साल जाड काढत होता, निम्मा बटाटा जात होता. मेना बाहेरून, खिडकीतून ते बघत होती, आणि आत येऊन त्याच्या हातातून ते ओढून घ्यायचं नाही म्हणून तिने दोन्ही हात कोपरांशी घट्ट धरून ठेवले होते.