काळा डाग माझा नव्हता

आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत, ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही आणि अक्षरही वाकडं येतं. पण तोंडानं बोलायला मी फार लाजते, म्हणून मुलीच्या जुन्या वहीत लिहिते.

गोंदियात एका घरी मी स्वयंपाक करते. घरच्या बाईंना भाभी म्हणते. त्यांच्याकडे सागवानाचा मोठा टेबल आहे, आरशासारखा चकाकणारा. त्यावर पितळेची फुलदाणी असते. एके दिवशी पाहुणे होते. मी फुलदाणी बाजूला सरकवली, ओलं फडकं टाकलं आणि त्यावर भाताचं गरम पातेलं, आम्ही त्याला गंज म्हणतो, ते ठेवलं. आमच्या गावी चुलीवरून उतरवलेला गंज ओल्या फडक्यावरच ठेवतात, बुडाला लागलेला भात सुटतो. पण आमच्या घरी खाली शेणानं सारवलेली जमीन असते, टेबल नसतो.

पाहुणे गेल्यावर फडकं उचललं तर खाली पांढरा गोल डाग. शेजारी, फुलदाणीच्या जागी, काळा डाग.

"ये क्या किया तूने? एक नाही, दोन दोन!" भाभी ओरडल्या. "महिन्याला पाचशे कापीन. पैसे जमले की पॉलिशवाल्याला बोलावीन."

काळा डाग माझा नव्हता. हे तेव्हाच सांगायचं होतं, पण मी फडकं घेऊन मोरीकडे गेले. पगार अडीच हजार. दोन महिने दोनच हजार हातात आले. शिवाय शेजारच्या दोन घरी माझं काम आहे, तिथं ही गोष्ट गेली तर, याची धास्ती वेगळी.

माझं माहेर चिचगडकडचं. माझे बाबा पळसावरची लाख काढत. गावचा सुतार तिचा चपडा, म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या, स्पिरिटमध्ये विरघळवून दारांना लावायचा. वाफ शिरली की लाख दुधासारखी पांढरी होते, हे मी लहानपणी पाहिलं होतं. म्हणजे पांढरा डाग लाकडात नव्हता, वरच्या लाखेच्या पॉलिशमध्येच होता.

तिसऱ्या महिन्यात धीर करून म्हटलं, "भाभी, पांढरा डाग मी काढून पाहू काय?"

"वाह! चौथी पास, और लकड़ी की डॉक्टर! बिघडला तर?"

"तर अजून कापा."

रंगाच्या दुकानातून थोडं स्पिरिट आणि चिमूटभर चपडा आणला. मऊ सुती चिंधीची पुरचुंडी केली, नुसती दमट होईल इतकंच स्पिरिट घेतलं. हात सारखा फिरता ठेवायचा, थांबला की चिंधी चिकटते. भाभी डोक्याशी उभ्या. पहिल्या फेरीत काहीच झालं नाही. दुसऱ्या फेरीत कडेचा पांढरेपणा विरला. तेवढ्यात भाभी म्हणाल्या, "अरे, जा रहा है!" आणि माझा हात थबकला. चिंधीची जाळी पॉलिशवर उमटली. चपडा स्पिरिटमध्ये घालून विरघळेपर्यंत बसून राहिले. मग त्याचे दोन थेंब लावले आणि हलक्या हातानं फिरवत राहिले. जाळी बुजली. पांढरा डागही गेला.

"आता हा काळा," भाभी म्हणाल्या.

"तो माहा नोहोय, भाभी."

"मतलब?"

"गरमीनं पांढरा पडते. काळा पाण्याचा होय. पाणी बसून बसून लाकडात उतरते. एका दिवसात नाही पडत. फुलदाणी खालून पाझरत असंल."

"तेव्हा काऊन नाही बोलली?" त्यांनी माझ्याच बोलीत चिडवलं.

त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी फुलदाणीत पाणी भरलं आणि ती वर्तमानपत्रावर ठेवली. ती रात्र मी घरी कशी काढली, मलाच ठाऊक. फुलदाणी पाझरत नसली तर माझं कामच गेलं असतं.

सकाळी गेले तर ओला कागद त्यांच्या हातातच होता. त्यांनी पाचशे दिले. "बाकी बाद में." मी मागितले नाहीत. महिना गेला, मागणं काही जमलं नाही. मग पगाराच्या दिवशी त्यांनी अडीच हजार मोजले, त्यावर पाचशेची आणखी एक नोट ठेवली आणि म्हणाल्या, "बस, पूरे हो गये."