मामांचा उजवा पाय

कोल्हापुरात आजवर जे अपघात झाले नाहीत, त्यांतले निम्मे तरी माझ्या मामेसासऱ्यांमुळे झाले नाहीत, हे मी छातीठोकपणे सांगतो. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. ते पोलिसात नव्हते, वाहतूक खात्यातही नव्हते. शाहूपुरीत एका जिन्याखालच्या खोलीत बसून ते गाड्यांचे विमे उतरवतात. आता विमा एजंट म्हटला की त्याने गिऱ्हाइकाच्या मागे लागायचे आणि गिऱ्हाइकाने तोंड चुकवायचे, ही जगाची रीत. मामांच्या बाबतीत गिऱ्हाईक मागे लागते आणि मामा तोंड चुकवतात. कोणी नवी गाडी घेऊन दारात उभा राहिला की मामांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "गाडी कशाला घेतलासा? एस्टी बंद पडली काय?" पॉलिसी हातात ठेवतानाही "ही कपाटात जपून ठेवा, आणि जमलं तर गाडीबी दारातच ठेवा" असा आशीर्वाद देतात. पाऊस जरा जोरात लागला की सकाळीच एकेकाला फोन करून "आज गाडी काढू नगासा" म्हणून बजावतात. दसऱ्याला गिऱ्हाइकांच्या घरी गाडीच्या पूजेला आवर्जून जातात, पण चाकाखाली लिंबू ठेवू देत नाहीत. लिंबू स्वतः उचलून घरमालकिणीच्या हातात देतात आणि सांगतात, "ह्येचं सरबत करा. पैल्याच दिवशी कायतरी चिरडायची सवय कशाला लावताय गाडीला?"

एवढे असून मामांनी स्वतः जन्मात मोटार चालवलेली नाही. त्यांची एक स्कूटर होती आणि तिच्यावरून ते अशा बेताने जात, की पायी चालणारी माणसे त्यांच्याशी गप्पा मारत बरोबर येत. मात्र दुसऱ्याच्या मोटारीत बसले की पुढची सीट त्यांचीच. तिथे बसून ते सबंध प्रवासभर उजव्या पायाने ब्रेक दाबतात. त्यांच्या बाजूला ब्रेक नसतो, ही त्यांच्या मते गाडी बनवणाऱ्यांची ढिलाई आहे, त्यापायी आपण का म्हणून पाय आवरायचा? समोर कुत्रे दिसले, दाब पाय. वळण आले, दाब पाय. सिग्नल हिरवा असला तरी पाय आपला तयारीत. त्यामुळे त्यांच्या चपलांच्या जोडातली उजवी चप्पल नेहमी आधी झिजते. एकदा चप्पलवाल्याने विचारले, "मामा, उजवा पाय जरा जास्त चालतोय काय तुमचा?" मामा म्हणाले, "चालत न्हाय, त्यो थांबवतोय."

या माणसाचे मोल मला कळले ते उचगावच्या फाट्यावर. उसाने भरलेल्या एका ट्रॉलीला माझी गाडी मागून जाऊन भिडली. मला खरचटलेसुद्धा नव्हते. बायकोला फोन केला, तिने मामांना केला, आणि पंचनामा करणारे कोणी येण्याआधी मामांची स्कूटर फटफटत हजर झाली. गाडीकडे त्यांनी बघितलेसुद्धा नाही. मला रस्त्याकडेच्या दगडावर बसवले आणि विचारले, "जेवलासा का?" मी नाही म्हटल्यावर पिशवीतून भडंगाची पुडी काढली आणि ती संपवायला लावली. मग उठून चेपलेल्या बॉनेटवरून हात फिरवला आणि निकाल दिला, "क्लेम करायचा न्हाय." मी चिडलो. एवढ्यासाठीच तर इतकी वर्षे हप्ते भरत आलो! पण मामा म्हणाले, "एवढ्याशा पोच्यासाठी क्लेम न केल्याचा बोनस घालवू नगासा. फुडं लागंल की." मग उद्यमनगरात कोणा ओळखीच्या पत्रेवाल्याकडून त्यांनी ते बॉनेट ठोकून घेतले. ते सरळ झाले, पण पुरते नाही. आमची गाडी तेव्हापासून समोरच्याला वेडावून दाखवल्यासारखे तोंड करून फिरते आहे.

पुढे आमची सई अठरा वर्षांची झाली. लायसन्स हातात पडले आणि ती माझी गाडी कॉलेजला न्यायचे म्हणू लागली. मुलगी शहाणी आहे, गाडीवर हात बसला आहे, पण तिच्या आईने गाडीची दुसरी किल्ली डब्यात टाकून डबा फडताळात ठेवला. "मामा हो म्हणतील त्या दिवशी किल्ली मिळेल," एवढेच बोलली. नेमका विम्याच्या नूतनीकरणाचा महिना होता, आणि माझा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. माझा एक मित्र अमेरिकेत असतो. घरातले पोर गाडी चालवू लागले की तिकडे आईबापाचा विमा आभाळाला भिडतो, असे सांगून त्याने मला पुरते घाबरवले होते. मी फोनवर स्वस्त विमा शोधत बसलो. एक सापडला, तो खूप स्वस्त होता. विजयी मुद्रेने मी आणि सई शाहूपुरीत गेलो आणि फोन मामांच्या पुढे धरला.

मामांनी चष्मा वर करून बघितले. "ह्यो नुसता थर्ड पार्टी हाय पावणं. दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्येची सोय. पोरीच्या गाडीचं काय झालं तर?" मग फोन माझ्या हातात परत देत म्हणाले, "आणि ह्यो फोन दवाखान्यात येऊन बसतोय काय?" मी अमेरिकेची भीती सांगितली. ती ऐकून ते मनापासून हसले. "आपल्याकडं कंपनी गाडीचं वय बघती. पोरीचं न्हाय." मी सुटकेचा निःश्वास सोडतो आहे तोवर त्यांनी सईकडे मान वळवली. "पोरीचं वय मी बघतो."

म्हणजे दुधाची परीक्षा आली. मामांच्या ओळखीपाळखीत ही परीक्षा कोणाला चुकलेली नाही. मामा दुधाने काठोकाठ भरलेली चरवी मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसतात आणि परीक्षार्थीने त्यांना रंकाळ्याभोवती फिरवून आणायचे. आमचे दोन्ही मेहुणे, समोरचे डॉक्टर, डॉक्टरांची सून, सगळे या चरवीला सामोरे गेले होते. कोणी बैलगाडीच्या चालीने गेले, कोणी वाटेत देवाचे नाव घेतले, आणि सगळ्यांनी दूध जसेच्या तसे परत आणले. तरी मामा कोणालाच शाबास म्हणाले नव्हते. "बघू," एवढेच म्हणत, दूध घरात नेऊन देत आणि नंतर महिनाभर त्या माणसाला रोज फोन करून सांभाळून चालव म्हणून सांगत. सईला हे सगळे ठाऊक होते. तिला नुसता विमा नको होता, मामांच्या तोंडून "हो" हवे होते. आईच्या डब्यातली किल्ली त्याच्यावाचून निघणार नव्हती.

परीक्षेच्या दिवशी मी मागे बसलो. सई इतकी सुरेख चालवत होती की चरवीतल्या दुधावर नुसती थरथर होती. मामांचा उजवा पाय नेहमीप्रमाणे कामात होता. निम्म्याहून जास्त वळसा झाला. मी मनातल्या मनात पेढेसुद्धा वाटले. एवढ्यात डाव्या अंगाच्या झाडांमागून एक रेडकू शेपूट वर करून थेट रस्त्यात आले. सईने करकचून ब्रेक लावला. चरवी उडाली. मामांचा शर्ट, धोतर, समोरची काच, माझा चष्मा, सगळीकडे दूध. रेडकू आमच्या वाकड्या बॉनेटपासून हातभर अंतरावर थांबले, त्याने आमच्याकडे जरा नवलाने पाहिले आणि निवांतपणे पलीकडे निघून गेले.

सईने स्टिअरिंगवर डोके टेकले आणि रडायला लागली. "आजोबा, सगळं सांडलं हो..."

मामांनी आधी खिडकीतून वाकून रेडकू धड गेले की नाही ते पाहिले. मग मिशांवरचे दूध पुसले. "सांडू दे की! सांडायसाठीच आणलंतं." आणि तिच्या डोक्यावर ओला हात ठेवून म्हणाले, "आजपत्तोर जे आलं ते माझ्या मांडीकडं बघत गाडी चालवत आलं बघ. दूध संभाळलं समद्यांनी. रस्त्याकडं बघणारी तू पैली. जा, किल्ली घे जा आयकडनं."

घरी आल्यावर पाय धुता धुता त्यांनी विमाही जमवून टाकला. पूर्ण संरक्षणाचा, आणि तरी माझ्या भीतीच्या पुष्कळ खाली. बारीकसारीक ओरखडे आपले आपण सोसायचे असे ठरवल्याने हप्ता थोडा उतरला, आणि इतकी वर्षे क्लेम न केल्याच्या बोनसने भरपूर उतरला. "त्ये वाकडं बॉनेट पोरीच्या कामाला आलं का न्हाय?" मामांनी विचारले. मला भरून आले. उचगावच्या फाट्यावर मला भडंग चारताना या माणसाला, तेव्हा बाहुल्या खेळणाऱ्या माझ्या मुलीची आठवण होती.

यंदा मामांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. स्कूटर त्यांनी आपण होऊन विकली. आयुष्यात कोणाकडे काही न मागणारा हा माणूस परवा सईला म्हणाला, "पोरी, राधानगरीला भनीकडं सोडशील का मला? लई दिस झालं बघितलं न्हाय." त्यांची बहीण म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही निघालो. जाताना प्रत्येक वळणावर मामांचा पाय दाबला जात होता आणि सई त्यांना चिडवत होती, "आजोबा, तुमचा ब्रेक लागत नाहीये, गॅरेजला दाखवायला हवा." बहीणभावंडे दिवसभर एकमेकांचे हात धरून बसली.

परतताना पावसाने गाठले. रस्ता निसरडा, समोरून दुधाचे टेम्पो, पुढचे धड दिसत नव्हते. बऱ्याच वेळाने माझ्या ध्यानात आले की पुढून काहीच आवाज येत नाही. मी वाकून पाहिले. मामांनी चपला काढून ठेवल्या होत्या. मान खिडकीकडे कलली होती आणि ते गाढ झोपले होते. आणि तो उजवा पाय, निम्म्या कोल्हापूरला थांबवणारा, लहान मुलाच्या पायासारखा सैल पडला होता. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण मामा आता थकले, हेही त्याच वेळी लख्ख कळले.

सईने एकदा त्यांच्याकडे पाहिले आणि वेग कमी केला. पुढे एक वळण आले, तिने ते अलगद घेतले. ते सरल्यावर मी सहज खाली पाहिले, तर मागच्या सीटवर माझा उजवा पाय घट्ट दाबलेला होता.