हेमांगीची घार

खारदांड्याच्या आभाळात घारी कायमच फिरत असतात, त्यामुळे त्यातली एक रोज थोडी थोडी खाली येऊ लागलीय हे आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. माझ्याही नाही, आणि पक्ष्यांकडे बघणं हे तर माझं कामच आहे.

मी अक्षता. सांताक्रूझला जखमी पक्ष्यांसाठी आमचा एक गाळा आहे. पुढच्या भागात डॉक्टर चैतन्य टाके घालतात, मागे पिंजरे. संक्रांतीला लोक एकमेकांना गोड बोलायला सांगतात आणि आमच्याकडे मांज्याने पंख चिरलेल्या घारी पुठ्ठ्याच्या खोक्यांतून येत राहतात. जागा पुरत नाही. मग बरे होत आलेले पक्षी ओळखीच्या घरी ठेवावे लागतात, आणि दांड्याची हेमांगी ही त्यातली आमची सगळ्यात भरवशाची बाई.

हेमांगी कोळीण, पन्नाशीची. बाजारात ती भाव सांगायला लागली की पलीकडच्या गल्लीतलं गिऱ्हाईक वळून बघतं. नवरा गेलेला, मुलगा बोटीवर, घरात सून विनिता आणि अडीच वर्षांची नात, बयो. तिच्या गच्चीवर, बोंबील सुकवायच्या बांबूंना लागून, आम्ही जाळीची एक खोली बांधून दिली होती. पक्ष्यांची घाण काढायचा तिला कंटाळा नाही, औषधाची वेळ कधी चुकली नाही. एकदा पाय मोडलेला बगळा तिने पदराखाली धरून भर उन्हात सांताक्रूझपर्यंत चालत आणला, कारण रिक्षाच्या आवाजाला तो बिचकत होता. गप्प बसणं तेवढं तिला जमत नव्हतं.

आणि आमचा नियम नेमका तोच आहे. जो पक्षी परत सोडायचा त्याच्याशी बोलायचं नाही, त्याचे लाड करायचे नाहीत, खाणं पडद्याआडून सरकवायचं. त्याला माणसाची भीती वाटत राहिली तरच तो बाहेर जगतो. हे मी हेमांगीला इतक्यांदा सांगितलं की ती बायकांत बसून माझी नक्कल करायची.

पण हेमांगीच्या घरात मासळी साफ करताना पहिला तुकडा घारीचा. तिची सासू कृष्णाबाई तेच करायची, तिच्या आधीची म्हातारीही तेच करायची. हात वर करायचा, "ये गो ये, घे गो घे" म्हणून हाक मारायची आणि तुकडा उडवायचा. वरून आलेली घार तो हवेतच पायात धरते आणि लांब निघून जाते. त्या मोकळ्या घारींना माणूस नकोच असतो. पण या संक्रांतीला पंखाला टाके घालून आम्ही तिच्याकडे ठेवलेली मादी घार जाळीत होती, ती कुठे जाणार? दोन दिवस तिने अन्नाला तोंड लावलं नाही. तेव्हा हेमांगीने तिला जे येत होतं तेच केलं. हात वर केला, हाक मारली, आणि घार जेवली.

हे तिने मला सांगितलं नाही. मला एवढंच दिसलं की घारीचं वजन छान वाढतंय.

होळीच्या सुमारास आम्ही ती सोडली. झकास उडाली. चिरलेल्या जागी तिला पांढरी पिसं आली होती, ती उन्हात लांबपर्यंत दिसत राहिली. हेमांगी रडायला लागली.

"रडतेस काय? मुलीची पाठवणी केल्यासारखी," मी चिडवलं.

"तसंच समज," ती म्हणाली.

मुलगी आठवड्याभरातच माहेरी आली. आधी नुसती कठड्यावर बसायची. हेमांगीने कौतुकाने तुकडा उडवला. मग घार तुकडा उडवायची वाटही बघेना, थेट हातातून घेऊ लागली. मग हात कुणाचा आहे हेही बघेना. बाजारात सुरमई उचलून दाखवणारी बाई, वडापाव तोंडाकडे नेणारा शाळेतला पोर, केस बांधायला हात वर केलेली शेजारची शांताबाई. वर गेलेला हात म्हणजे मासा, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. शांताबाईच्या मनगटाला टाके पडले. त्यानंतर पांढरं पीस दिसलं की बायका भर दुपारी छत्र्या उघडून चालू लागल्या, आणि गल्लीतली पोरं बाहेर खेळेनाशी झाली.

शांताबाईचा मुलगा महादू एकदा दारात येऊन उभा राहिला. "तुझी घार हाय म्हनून अजून गप्प हाय, हेमांगी. मांदेलीत उंदराचं औषध भरून कौलावर ठेवीन, मग बोलायचं नाय." महादू उगाच बोलणारा माणूस नव्हे.

विनिता त्याहून हळू बोलली. "आई, बयो दिवसभर हात वर करते. उचलून घ्या म्हणून करते ती. तिचा डोळा गेला तर? मी पोरीला घेऊन वसईला माहेरी जाते. इकडे काय करायचं ते तुम्ही ठरवा."

तेव्हा हेमांगीने मला फोन केला. आवाज इतका बारीक की मला वाटलं दुसरंच कुणी बोलतंय. हाकेचं तिने तेव्हा सांगितलं. मी भडकले, तोंडाला येईल ते बोलले. ती सगळं ऐकून घेत होती. हेमांगी ऐकून घेतेय म्हटल्यावर मला पहिल्यांदा भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या गच्चीवर होते. बयोला आत कोंडलं होतं.

"तिला तुझी भीती बसली पाहिजे," मी म्हटलं. "हाक मार, आणि माशाऐवजी खडा मार. आधी जवळून जाऊ दे. नाहीच भ्याली तर लागू दे थोडा."

हेमांगीने मुठीत खडा घेऊन हात वर केला. "ये गो ये..." पुढचं तिला म्हणवेना. तेवढंही पुरलं. घार समोरच्या माडावरून सुटली. हेमांगीने डोळे मिटून खडा फेकला आणि घारीने तो पायात धरला, हवेतच, नेहमीसारखा. एक गिरकी घेतली, खड्याला चोच लावून बघितली, टाकून दिला आणि परत आली. हेमांगी मारत राहिली, ती धरत राहिली. शेवटी एक खडा छातीवर बसला. घार कठड्यावर उतरली, मान तिरकी करून हेमांगीकडे बघू लागली आणि भुकेल्या पिल्लासारखी तोंड उघडून ओरडली.

हेमांगीच्या हातातले बाकीचे खडे खाली पडले. "हिला भ्यायला नाय येत गो," ती म्हणाली. "मीच विसरायला लावलंय."

मी टॉवेल पुढे केला. घार धरायची तर आम्हाला जाळं लागतं, दोन माणसं लागतात. हेमांगी सरळ चालत गेली, तिच्यावर टॉवेल टाकला आणि तिला पोटाशी घेतलं. घारीने पायही झाडले नाहीत.

"परत कधीच नाय सोडणार?"

"नाही," मी म्हटलं. ती आता जन्मभर पिंजऱ्यातच राहणार होती.

दांडा निवांत झाला. महादूने औषधाची पुडी गटारात टाकली. विनिताने वसईसाठी भरलेली बॅग रिकामी केली. बायका छत्र्यांविना बाजारात जाऊ लागल्या, आणि हेमांगी खाली मान घालून, तोंड मिटून मासळी साफ करू लागली. मला तिची फार दया आली. पण निभावलं एकदाचं, असंही वाटलं.

पुढच्या रविवारी मी जाळीची खोली काढायला गेले. आता पक्षी नको असं हेमांगीनेच कळवलं होतं. आम्ही दोघी तारा कापत होतो. विनिता कपडे वाळत घालायला वर आली, मागोमाग बयो. बयो गच्चीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. इतके दिवस आजीचं बघून बघून तिला सगळं पाठ झालं होतं. तिने रिकामा हात वर केला.

"ये दो ये, घे दो घे."

विनिता हसली. मीही हसले. हेमांगी वर बघत होती.

माडावरून एक घार सुटली. तिच्यामागे दुसरी. पाण्याच्या टाकीवरून तिसरी. एकीच्याही पंखावर पांढरं पीस नव्हतं. आवाज न करता, पंख आवळून, तिघी सरळ खाली आल्या.

हेमांगी धावली आणि पोरीवर पालथी पडली. पंखांचा वारा माझ्या तोंडावर आला. एकीने हेमांगीच्या अंबाड्यातलं अबोलीचं फूल ओढून नेलं, दुसरीने पोरीला झाकायला उचललेल्या तिच्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत चीर पाडली. विनिता ओली चादर फिरवत ओरडत होती. मी हातातली पक्कड भिरकावली, कुणालाच लागली नाही. घारी उठल्या, पण लांब गेल्या नाहीत. कठड्यावर जाऊन बसल्या आणि माना तिरक्या करून बघत राहिल्या.

बयो आजीखाली किंचाळत होती. तिचे डोळे शाबूत होते, मी दोनदा पाहून घेतलं. हेमांगी मात्र उठेना. तशीच पोरीवर पडून, तोंड लादीकडे ठेवून तिने विचारलं, "अक्षता, मी एकीलाच शिकवलं होतं ना गो? तिने कितीजणींना शिकवलं?"

मी कठड्याकडे पाहिलं. तिथे आणखी एक येऊन बसत होती.