वझलवार सरांचं ‘कशावरून?’

दोन रिटायर्ड ड्रिल मास्तर भेटले की आधी गुडघ्यांचं बोलणं होतं, मग जावयांचं, आणि चहा येईपर्यंत वझलवार सरांचा विषय निघतोच. साठ सालाच्या आगेमागे यवतमाळला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात आम्ही एकत्र होतो. तेव्हाचे किस्से इतके साचलेत की एक काढायला जावं तर त्याच्या मागं दुसरा येतो. बायको म्हणते, तेच ते किती वेळा सांगाल? आता घडलंच तेवढं, तर मी काय नवं घडवून आणू? तुम्ही ऐका.

आम्ही सगळी कबड्डी, कुस्ती, धावणं यातली पोरं. शिट्टी वाजवायला शिकू, सर्टिफिकेट घेऊ आणि कुठल्या तरी शाळेत चिकटू, एवढाच आमचा बेत. पहिल्याच आठवड्यात कळलं की शेवटी एक प्रबंध लिहावा लागतो. स्वतः शोधून, मोजून, पुराव्यासकट! भाला दे, गोळा दे, पण पेन नको, अशी आमची जात.

*

हे शिकवायला वझलवार सर. अंगानं काडी, मैदानावरसुद्धा कोट. त्यांचा एकच प्रश्न होता, “कशावरून?” तुम्ही काहीही म्हणा, सर चष्मा वर करून तेवढंच विचारणार.

आमच्यात पांढरकवड्याचा बाबाराव होता, अस्सल पहिलवान. पहिल्याच तासाला तो बोलून गेला की दुधानं ताकद येते. सर म्हणाले, “कशावरून?”

बाबारावनं बाही वर सारली, दंड फुगवला. “माह्यावरून, सर.”

वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले मास्तर डोकावून गेले. सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, “एकट्या माणसावरून काही सिद्ध होत नाही. आणि स्वतःवरून तर मुळीच नाही. लिहून घ्या.” आम्ही लिहून घेतलं. बाबाराव बिचारा बाही खाली करत बसला.

*

याच बाबारावनं पुढं प्रबंधाला विषय घेतला, पहिलवानांची नाडी. निजवायचं, मनगट धरायचं, ठोके मोजायचे. गावच्या आखाड्यात त्यानं पहिलवान निजवले आणि चूक केली ती ही, की ज्याचे ठोके कमी तो जास्त तयारीचा, हे आधीच सांगून बसला.

झालं. पहिलवानच ते! कोणी श्वास कोंडून धरला, कोणी डोळे मिटून देवाचं नाव घ्यायला लागला. एक तर घोरायलाच लागला, तेव्हा बाकीच्यांनी ‘हा डाव बाद’ म्हणून गलका केला. शेवटी उस्तादानं निकाल लावला आणि सगळ्यात कमी ठोकेवाल्याला नारळ दिला.

प्रबंधात बाबारावनं इमानदारीनं लिहिलं, ‘पहिला नंबर अमुक, दुसरा नंबर तमुक.’ सरांनी कपाळाला हात लावला. अरे, संशोधनात पहिला नंबर नसतो, म्हणाले.

बाबाराव पडेल चेहऱ्यानं म्हणाला, “मग तो नारळ वापस मांगू काय सर?”

*

माझं म्हणाल तर मी लिहायचो झोकात. धावण्यावरच्या प्रबंधाची सुरुवात मी सूर्योदयानं केली होती. पूर्वेला लाली, पाखरांचा किलबिलाट, दीड पान झालं तरी पोरगा काही धावायला लागेना. सरांनी पाखरं उडवून लावली. म्हणाले, “तुमचा गडी पळतो कधी ते सांगा.”

शिव्या बसल्या त्या मलाच. शाबासकी कोणाला? बाबारावला! कोणाचं मत घेतलं तर ते कोणाचं, हे पानाच्या तळाशी लिहायचं असतं. आम्ही पुस्तकांची नावं टाकली. बाबारावनं टाकलं, ‘आमचे उस्ताद, पांढरकवडा, बाजाराच्या दिवशी, मालिश करता करता बोलले.’ सरांनी ते वर्गाला वाचून दाखवलं. कोण बोललं, कुठं बोललं, कधी बोललं, सगळं आहे, म्हणाले, याला म्हणतात आधार देणं. मला त्या दिवशी भारी राग आला होता. अजून थोडा आहे.

*

आता नामदेवचं. नामदेव महागावकडचा, लांब उडीत आमच्यात एक नंबर. पण उडी मारायची त्याची तऱ्हाच न्यारी, कोणी शिकवलेली दिसत नसे. एकदा मैदानावर शेंगा खाता खाता मी विचारलंच, कुठं शिकला रे?

त्यानं हसत हसत सांगितलं. लहानपणी शाळेत खेळाचा तास लागला की मास्तर याला आणि याच्या वस्तीतल्या पोरांना चुन्याच्या रेघेबाहेर बसवत. बाकीची पोरं उड्या मारत, हे बघत. शाळा सुटली की हा एकटा नाल्याच्या कोरड्या वाळूत जाऊन, पाहिलं तसं करून बघे. पुढं वडील नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि पोराला म्हणाले, आता कोणी बस म्हटलं तर बसायचं नाही.

हे तो असं सांगत होता जसं दुसऱ्याचंच आहे. मी शेंगांचा पुडा त्याच्याकडे सरकवला.

*

नामदेवचं गणित आमच्यापेक्षा अवघड होतं. महागावच्या एका शाळेनं त्याच्यासाठी ड्रिल मास्तरची जागा धरून ठेवली होती, पण सर्टिफिकेट पाहिजे होतं. प्रबंध नापास म्हणजे सर्टिफिकेट नाही, आणि जागेवर दुसरा माणूस. घरी वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी ओढून थकलेले. त्यांनी सगळ्या वस्तीला सांगून ठेवलं होतं, पोरगा मास्तर होणार म्हणून.

त्याचा प्रयोग साधा होता. यवतमाळजवळच्या एका गावच्या शाळेतल्या पोरांचे दोन गट. एकाला रोज उडीचा सराव द्यायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही, त्यांनी नुसतं बसायचं. शेवटी दोघांची उडी मोजायची. सरांनीच हे शिकवलं होतं, की तुलनेला एक गट पाहिजे. नामदेव म्हणायचा, त्या पोरांना ‘तुम्ही बसा’ म्हणताना जीभ अडखळते.

शेवटी मोजलं तर काय? बसलेल्या पोरांची उडीही तेवढीच वाढलेली! काही तर सराववाल्यांच्या पुढं. प्रयोग पार आडवा झाला.

बाबाराव त्याचा जीवलग. त्यानं बाजूला घेऊन समजावलं, “काहून मरून राह्यला? दोन आकडे खाली कर न. कोण पाहाले येते तिथं?”

नामदेव नाही म्हणाला. सर ‘कशावरून’ विचारतील तेव्हा मी काय सांगू, म्हणाला. आणि सकाळच्या एसटीनं पुन्हा त्या गावाला गेला. गेला तर बसवलेली पोरं शाळेआधी नाल्याच्या वाळूत उड्या मारत होती. कोणी सांगितलेलं नाही, कोणी शिकवलेलं नाही.

त्यानं जसं पाहिलं तसं लिहून दिलं. आम्ही हाय खाल्ली. गेला आपला नामदेव, असंच आम्हाला वाटलं.

*

तोंडी परीक्षा सगळ्यांसमोर व्हायची. नागपूरहून आलेले परीक्षक साहेब, शेजारी वझलवार सर, मागच्या बाकांवर आम्ही. नामदेव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभा. बाबाराव माझा हात इतका दाबून बसला होता की बोटं बधिर झाली.

साहेबांनी प्रबंध चाळला. म्हणाले, “हा तुमचा प्रयोग फसलेला आहे.”

“हो साहेब, फसला.”

“मग पास कशासाठी करायचं?”

“काहून फसला ते मले सापडलं, साहेब. ज्या पोरायले मी बसवलं, तेच लपून उड्या मारत होते.”

साहेबांनी चष्मा काढून ठेवला. मास्तरनं बस म्हटलं तर पोरगं बसतं, म्हणाले, उन्हात जाऊन उड्या कशाला मारेल?

नामदेव म्हणाला, “ज्याले रेघेबाहेर बसवलं, साहेब, त्यालेच उडीची जास्त ओढ लागते.”

साहेब म्हणाले, “कशावरून?”

आम्ही सगळे दचकलो. आमच्या सरांचा प्रश्न, आणि आला दुसऱ्याच्या तोंडून! नामदेवनं साहेबांकडे पाहिलं नाही. वझलवार सरांकडे पाहिलं.

“माह्यावरून, सर.”

मागच्या बाकावर कोणी हसलं नाही. साहेबांनी सरांकडे मान वळवली. “हे चालतं तुमच्याकडे?”

सरांनी चष्मा वर केला, नामदेवकडे पाहिलं, आणि म्हणाले, “चालेल.”

कशावरून, ते त्या दिवशी कोणी विचारलं नाही.