सिस्टरांची विद्यार्थिनी

अंबरपेठच्या सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर आईच्या पायाची जखम धुवायला घरी येतात. नर्सिंगच्या विद्यार्थिनींनी सिस्टरांसोबत घरोघरी येऊन शिकावं असा दवाखान्याचा कॉलेजशी करार झाला तेव्हा शाल, हार, भाषणं झाली आणि सिस्टर मार्गदर्शक झाल्या. फोटो छापून आल्यावर विद्यार्थिनी यायच्या थांबल्या. सिस्टरांचं शिकवणं थांबलं नाही. त्या एकट्याच येतात, तरी आतून ऐकू येतं, "पहले सूंघके देख, बेटा, फिर पट्टी खोल." मग त्या उत्तरासाठी थांबतात. त्या अशा एकट्याच बोलतात हे वर कळवलं तर त्यांना बदलतील, आणि आईचा पाय त्यांच्याच हातानं वाचतोय. जखम बघवत नाही म्हणून मी बाहेरच असतो. आज आत गेलो. सिस्टरांनी न वळता हात मागे केला. मी त्यात कापूस ठेवला, तेव्हा माझी बोटं त्यांच्या तळव्याला लागली.

"हात गरम कैसा है आज?" त्या म्हणाल्या. "रोज तो ठंडा रहता."